ताईत घातलेला टारझन

१९३७ साल म्हटले की आपल्याला ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आठवतो. त्याच वर्षी परळच्या वाडिया मूव्हीटोनने ‘तूफानी टारझन’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक होमी वाडिया, नायक व्यायामपटू जॉन कावस. सिनेमाच्या इतिहासात अशा स्टंटपटांची बोळवण बहुधा एकाच शब्दात होते : नक्कल. हा शेरा मला अपुरा वाटतो.

मूळ मानला जाणारा चित्रपट म्हणजे एमजीएमचा १९३२ मधला, जॉनी वाइसमुलरचा टारझन. श्रीमंत कंपनीच्या या चित्रपटातही जंगलाची कितीतरी दृश्ये ‘ट्रेडर हॉर्न’मधली उरलेली वापरली होती, म्हणजे काटकसर ही काही परळची मक्तेदारी नव्हे. महत्त्वाचे हे, की या टारझनला आईबापच नाहीत. मूळ कादंबरीतले त्याचे उमराव घराणे पटकथेने गाळले. तो कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही.

वाडियांना तसे चालले नाही. त्यांची गोष्ट मुळी सुरू होते ती घरापासून. बाप शास्त्रज्ञ, अमरत्वाचे सूत्र त्याने ताइतात घालून बाळाच्या गळ्यात बांधलेले. सिंहांचा हल्ला होतो, बाप जातो, आई वेडी होऊन रानोमाळ फिरते. बाळाला सांभाळतो तो अर्धमानव ‘दादा’. पुढे आजोबा नातवाच्या शोधात येतात.

सिंह, ताईत, दुरावलेले मूल : ‘शाकुंतला’चा सातवा अंक आठवावा. तिथेही सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या मुलाची ओळख दुष्यंताला ताइतावरून पटते. वाडियांनी ते तिथून उचलले, असा माझा दावा नाही. पण ‘संगीत शाकुंतल’ पाहत आलेल्या मुंबईला ही खूण परकी नव्हती. अमेरिकी टारझन जगापासून मोकळा आहे. आपला टारझन हरवलेला आहे, आणि त्याची वाट पाहणारे कोणीतरी आहे.

खरी नक्कल दुसरीकडे आहे : नरभक्षक रानटी टोळ्यांच्या चित्रणात. तो गोऱ्यांचा पूर्वग्रह वाडियांनी जसाच्या तसा घेतला. बोरिवलीत, आदिवासी पाड्यांच्या शेजारी राहून तो भाग पाहणे मला जड गेले.

म्हणून टीका करायची ती नेमकी करावी. सरसकट ‘नक्कल’ म्हटले, की ते जपावेसेही कोणाला वाटत नाही. आणि त्या काळातल्या आपल्या बहुतेक फिल्म्स आज नष्ट झाल्या आहेत.