'जय भीम' : वकील केव्हा येतो?

टी. जे. ज्ञानवेल यांचा 'जय भीम' हा तमिळ चित्रपट २०२१ साली आला आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो डोक्यावर घेतला. त्याचे मोल मी नाकारीत नाही. परंतु कौतुकाच्या भरात एक प्रश्न आपण विचारलाच नाही. तो येथे मांडतो.

पहिलाच प्रसंग अस्सल आहे. तुरुंगाच्या दारात सुटलेल्या कैद्यांना जात विचारली जाते. वरच्या जातीचे घरी जातात. आदिवासी, भटके, दलित बाजूला काढले जातात आणि ठाण्यातले न उलगडलेले गुन्हे त्यांच्या नावावर वाटून दिले जातात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या डोक्यातून तो गेला नाही. 'उचल्या' वाचलेल्या मराठी वाचकाला हे नव्याने सांगायला नको.

इरुळर आदिवासी राजाकण्णूला मार कशासाठी पडतो, हेही चित्रपट नेमके दाखवतो. पोलिसांना चोरीचे दागिने हवे आहेत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून ठरलेले आहे. मात्र आरोपीने सांगितल्यावरून मुद्देमाल सापडला, तर तेवढे सांगणे चालते. २०२३ च्या नव्या कायद्यानेही ही वाट तशीच ठेवली आहे. म्हणून 'माल काढ' म्हणत मारायचे. ज्याच्याजवळ मालच नाही, त्याने काय काढावे?

माझा आक्षेप येथून सुरू होतो. वकील चंद्रू या कथेत येतात तेव्हा राजाकण्णू कोठडीत मेलेला असतो. साक्षरतेचा वर्ग घेणारी मैत्रा सेंगेनीला त्यांच्यापर्यंत नेते. मग हेबियस कॉर्पसचा अर्ज, उलटतपासणी, निकाल. न्याय मिळतो, माणूस परत येत नाही. १९९३ च्या ज्या प्रकरणावर चित्रपट बेतला आहे, तेथेही हेच घडले. के. चंद्रू यांच्या लढ्याबद्दल मला आदर आहे. पण चित्रपट सूर्यासारख्या नटाला घेऊन वकिलाचा उद्धारक करतो आणि प्रेक्षक मनाशी म्हणतो, आम्हालाही असा कोणी भेटावा. उद्धारकाची वाट पाहू नका, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. त्यांचे नाव घेणाऱ्या चित्रपटाने तरी ही वाट पाहायला लावू नये.

मार पहिल्या रात्री पडतो. म्हणून पहिल्या रात्रीचा साधा वकील हवा. कायद्यात त्याला जागा आहे. भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गरीब आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे प्रथम उभे केल्यापासूनच सरकारने मोफत वकील दिला पाहिजे. त्याने मागितला नाही, ही सबब चालणार नाही. मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी नेलेल्या प्रकरणात १९८३ साली आदेश झाला : अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, आणि मारहाण झाली का, हे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, तसेच कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता मोफत वकिलाचा हक्क दिला. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते. मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. ही पळवाट बंद करण्याची मागणी आपल्या चळवळीने केली पाहिजे.

तोवर जेवढे हातात आहे तेवढे करू. वस्तीत हा चित्रपट दाखवा आणि संपल्यावर लोकांना उठू देऊ नका. रात्री कोणाला उचलले तर कोणत्या वकिलाला निरोप द्यायचा, तो कोण देणार, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केल्यावर अंगावरचे वळ दाखवून काय बोलायचे, हे ठरवूनच सभा संपवा. मैत्रासारखे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी अक्षरांबरोबर हेही शिकवायला घ्यावे.