अंगणातला जंजिरा

दिवाळी आली की आमच्या गडमुडशिंगीत अंगणोअंगणी किल्ले उभे राहतात. बहुधा पन्हाळा, नाही तर प्रतापगड. फार हौस असली तर रायगड. यंदा मात्र माझ्या नातवाने जंजिरा करायचे मनावर घेतले. तळे खणले, मधोमध दगडमातीचा कोट रचला, तटाला अळीव पेरले. शेवटी महाराजांची मूर्ती हातात घेऊन तो अडला.

"आज्जा, महाराजांना हितं कसं बसवायचं? ह्यो तर सिद्द्याचा!"

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. जंजिऱ्याचे चित्रही फळ्यावर कितीदा तरी काढले असेल. पण ते नेहमी बाहेरून, वेढा घालणाऱ्याच्या होडीतून पाहिल्यासारखे. आपले बहुतेक लिखाणही त्याच होडीत बसून झालेले आहे. जंजिरा म्हणजे हाती न आलेला किल्ला, इथे वर्णन संपते. तो बांधणाऱ्याला काय साधले, हे विचारायचे राहूनच जाते. शत्रूच्या बांधकामाला चांगले म्हणताना जीभ अडखळते, दुसरे काय!

सिद्दी किंवा हबशी म्हणजे अ‍ॅबिसीनिया आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेली माणसे. कुणी गुलाम म्हणून विकले गेले, कुणी शिपाई किंवा खलाशी म्हणून आले. पुढे त्यांतले काही सरदार झाले, आणि जंजिऱ्यावर तर त्यांचे राज्य 1948 साली विलीन होईपर्यंत टिकले. राजपुरीहून होडी निघते तेव्हा समोर नुसता तट दिसतो. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. दाराशी पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेल्या वाघाचे शिल्प आहे. वाटाडे ते मोठ्या कौतुकाने दाखवतात. मला ते थोडे बढाईखोर वाटते. खरे पाहायचे ते आत: चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याची तळी! तोफा कितीही असोत, हे पाणी नसते तर वेढ्यात किल्ला किती दिवस तगला असता?

पाण्याची हीच जाण मला मलिक अंबरात दिसते. लहानपणी इथिओपियात गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस बाजारामागून बाजार पाहत दख्खनमध्ये पोचला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो पेशवाही हबशीच. पुढे अंबर स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये उभारलेला त्याचा भडकल दरवाजा तिथे आजही आहे. दांडगा आहे, भव्य आहे. पण विजयाच्या कमानी पुष्कळांनी बांधल्या. नहर-ए-अंबरी मात्र त्याचीच. डोंगराच्या पोटातले झिरपणारे पाणी माणूस चालून जाईल एवढ्या भुयारातून, निव्वळ उतारावर त्याने शहरात आणले. साफसफाईसाठी वरून उतरायची तोंडे ठेवली. मोट नाही, बैल नाहीत. जमिनीला जेवढा उतार लागेल तेवढा बरोबर साधायचा, एवढीच सारी कारागिरी. प्रवासी पाणचक्की पाहून धन्य होतात, पण ती पुढच्या, अठराव्या शतकातली. नहर जमिनीखाली, म्हणून तिचा फोटो निघत नाही. तिच्या पाण्यावर पिढ्यान्पिढ्यांची तहान भागली, याचा फोटो तरी कसा निघणार?

आता कुणी म्हणेल, यात आफ्रिकेचे काय? कमान दख्खनी, चुना इथला, दगड आपल्याच सह्याद्रीचा. हा आक्षेप मला मान्य आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला खोलीमागे खोली असलेली अरुंद लांबट घरे आहेत. त्यांचे मूळ हैती आणि पश्चिम आफ्रिकेत आहे असे अभ्यासक सांगतात. तसा घाट आपल्याकडे बोट ठेवून दाखवता येत नाही. अहमदाबादेत सिद्दी सय्यद या हबशाने 1572-73 मध्ये मशीद बांधली. तिच्या जाळीतले दगडी झाड जगप्रसिद्ध आहे. छिन्नी बहुधा गुजराती पाथरवटांची असावी. पण एवढ्या कोवळ्या फांद्या दगडात मागण्याची छाती त्या हबशाची. मागणाऱ्याची नजर हाही वास्तूचा भाग असतो, असे मी मानतो. आणि ज्याचे गाव लहानपणीच सुटले, त्याने परक्या मुलखात नवे गाव वसवताना आधी पाण्याचा विचार करावा, यात मला त्याचे सारे आयुष्य दिसते. हा माझा तर्क आहे. पुराव्याचा दावा नाही.

खुलदाबादला त्याची कबर मी पाहिली आहे. घुमट साधाच. बाजूला पत्नी करीमा हिची लहानशी कबर. 1626 मध्ये तो गेला, आणि त्याच्या मुलाने, फतेहखानाने, खडकीचे नाव बदलून स्वतःच्या नावावर फतेहनगर केले. नहरीला मात्र त्याचेच नाव राहिले.

हे सगळे नातवाला मी सांगत बसलो नाही. त्यानेच तोड काढली. तळ्यात आणखी एक बेट रचले, त्याला पद्मदुर्ग म्हटले आणि महाराजांना तिथे, जंजिऱ्याच्या ऐन तोंडासमोर बसवले. जंजिऱ्यावर कोण, असे मी विचारले. कुंभाराच्या टोपलीतला रंग द्यायचा राहिलेला एक शिपाई त्याने उचलला आणि आतल्या तळ्याच्या काठावर उभा केला. मग बादलीतून त्या तळ्यापर्यंत रबराची नळी टाकली. ती मध्येच कुठेतरी गळत होती. ते छिद्र शोधता शोधता लक्ष्मीपूजनाची वेळ झाली, आणि आतून दोनदा हाका आल्या.