अक्षांश-रेखांशांचे पाठभेद

जुने किल्ले, शिलालेख व ताम्रपटांचीं प्राप्तिस्थानें यांच्या याद्यांत स्थळापुढें अक्षांश-रेखांश देण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. प्रघात स्तुत्य आहे. परंतु आंकडा कोणत्या मोजणींतला, हें सांगण्याची चाल मात्र अद्यापि पडलेली नाहीं. आधार न सांगितलेला आंकडा म्हणजे पोथीचें नांव न देतां छापलेला पाठ होय, असें आमचें मत आहे.

आपल्या ज्योतिषग्रंथांत मध्यरेखा लंका व उज्जयिनी यांवरून जाते. तिच्यापासून रत्नागिरी सुमारें २ अंश २८ कला पश्चिमेस, म्हणजे देशांतर जवळजवळ २५ पळें. पॅरिसच्या रेखेवरून मोजल्यास तेंच शहर ७१ अंशांच्याही अलीकडे येतें. ही भिन्नता उघड असल्यानें अभ्यासक फसत नाहीं. तो फसतो तो आंकडे सारखे दिसतात तेथें.

रत्नागिरीचें स्थान १६ अंश ५९ कला उत्तर व ७३ अंश १८ कला पूर्व. हेंच कित्येक याद्यांत १६.५९ व ७३.१८ असें लिहिलेलें आढळतें. यांतील टिंब अंश व कला यांना विभागणारें आहे, दशांशचिन्ह नव्हे. कला साठांनीं भागल्यास १६.९८ व ७३.३० येतात. हें त्रैराशिक न करतां मूळ आंकडा यंत्रांत घातला, तर शहर सुमारें ४४ किलोमीटर दक्षिणेस व १३ किलोमीटर पश्चिमेस सरकून विजयदुर्गासमोरील समुद्रांत पडतें! समुद्रांत पडलेलें शहर कोणाच्याही ध्यानांत येईल. सह्याद्रींतील एखादी घाटवाट भलत्याच सोंडेवर गेली, तर तें कोण ओळखणार?

दुसरा भेद याहून सूक्ष्म आहे. लॅम्टन यांनीं १८०२ सालीं आरंभिलेल्या मोजणीचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवर अवलंबून होते. वेधशाळेचें रेखांश पुढें सुधारलें गेलें. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक सरकारी नकाशांवरील रेखांश सुमारें अडीच कलांनीं अधिक आहेत. आमच्या अक्षांशावर हें अंतर चार किलोमीटरांहून अधिक भरतें. किनाऱ्यावरचा दुर्ग तेवढा आंत जातो.

तिसरा भेद पृथ्वीच्या कल्पिलेल्या आकाराचा. संग्राहकांजवळील ४७ एच/५ सारखीं जुनीं पत्रकें एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या आकारावर बेतलेलीं आहेत. २००५ च्या धोरणान्वयें निघालेली खुली नकाशामाला व जीपीएस यंत्रें डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर चालतात. दोहोंत या भागांत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. १ : ५०,००० च्या पत्रकावर तो दोनतीन मिलिमीटर दिसेल, पण धुक्यांत चिंचोळ्या धारेवरून चालणाऱ्यास तेवढेंच अंतर वाट आणि कडा यांमधील असूं शकतें.

कोणी म्हणेल, यंत्र घेऊन प्रत्यक्ष जागेवर गेल्यास जुन्या आंकड्यांची गरज काय? जेथें जागा शिल्लक आहे तेथें हें म्हणणें रास्त आहे. परंतु जो लेख हलविला गेला, जें गांव धरणाखालीं गेलें, त्याचा साक्षी जुना आंकडाच. तो गुपचूप सुधारून छापला, तर पुढील अभ्यासक त्यालाच मूळ समजून पुन्हा सुधारील, व शुद्धीवर शुद्धि चढून स्थान कायमचें भ्रष्ट होईल.

खोट्या काटेकोरपणाचाही मोह टाळावा. कलेपर्यंतच दिलेला अक्षांश १६.९८३३३३ असा लिहिण्यांत अर्थ नाहीं. सहावें दशांशस्थळ सुमारें ११ सेंटिमीटरांचें, आणि मूळ कला तर १.८ किलोमीटरांची!

पोथीचा संपादक मूळ पाठ वर ठेवतो व आपली शुद्धि निराळी दाखवितो. तोच दंडक येथें पाळावा: मूळ आंकडा जसाच्या तसा, त्याशेजारीं नकाशाचें नांव, वर्ष व मोजणीचा आधार, आणि त्यानंतर रूपांतरित आंकडा. एवढ्यानें यादी एका ओळीनें वाढेल, पण पुढच्या संशोधकाला ती पडताळून पाहतां येईल.