आराखडा कोणाचा?

गरज हेरावी, आराखडा काढावा, नमुना करून पाहावा, वापरणाऱ्याचे ऐकून तो सुधारावा. नव्या वस्तूच्या निर्मितीची ही रीत उद्योगशास्त्राची पुस्तके शिकवतात. माझे म्हणणे असे, की कोल्हापुरी चप्पल याच रीतीने घडली. बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावणे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने तळ शिवणे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रयोगांतूनच सिद्ध झाले. परंतु चर्मकाराच्या प्रयोगाला म्हणायचे 'जातीचा धंदा' आणि इतरांच्या प्रयोगाला 'डिझाइन'!

२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव नव्हते. ओरड झाल्यावर ते आले. डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. रोजगार वाढला तर स्वागतच आहे. पण मानांकन प्रदेशाचे नाव राखते, घडवणाऱ्याचे नाही.

जात ही श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. ती हात आणि बुद्धी यांचीही फारकत करते. रापी धरणाऱ्या हातामागची बुद्धी नाकारून दिलेला मोबदला ही केवळ मजुरी होय. आपल्याला आराखड्यावरचा हक्क हवा आहे.