खोक्यावरचे वाङ्मय

कथा, कादंबरी, नाटक यांचे समीक्षक आपल्याकडे पैशाला पासरी. परंतु दुर्बिणीच्या खोक्यावर छापलेल्या मजकुराची समीक्षा काही माझ्या वाचनात आलेली नाही. वास्तविक वाङ्मयप्रकार म्हणून तो कशातच उणा नाही. त्यात अद्भुतरस आहे, अतिशयोक्ती अलंकार आहे, आणि शेवटी वाचकाच्या डोळ्यांत पाणीही उभे राहते; मात्र ते किंमत वाचून. मी पडलो बी. कॉम. आणि बँकेतला कारकून. तेव्हा ही समीक्षा रसिकाची नसून हिशेबनिसाची आहे.

प्रस्तुत कृती आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या नानांनी विकत आणली. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर दूरदेशीची पाखरे उतरतात, ती निवांत बघावीत, हा नानांचा सात्त्विक हेतू. खोक्यावर ठसठशीत शीर्षक होते : '२० × ८०'.

"ऐंशी मिलिमीटरची काच आहे, भाऊ! समोरच्यांची पन्नासचीच," नाना म्हणाले.

या शीर्षकाचा अन्वयार्थ असा. २० म्हणजे वस्तू वीसपट मोठी दिसणार आणि ८० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. आता ऐंशीला विसाने भागा. उत्तर ४. म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून चार मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत बाहेर पडणार. रात्री अंधारात आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते, तेव्हा सगळा झोत खात्यात जमा होतो. पण आपल्या खानदेशच्या उन्हात ती आखडून दोन-अडीच मिलिमीटरची होते. उरलेला प्रकाश बाहुलीच्या बाहेर सांडतो. अडीच गुणिले वीस बरोबर पन्नास! म्हणजे भर दुपारी नानांची ऐंशीची काच पन्नासचेच काम करते. बँकेच्या भाषेत, मंजूर मर्यादा ऐंशी, ड्रॉइंग पॉवर पन्नास. बरे, आमची बँकसुद्धा वापरलेल्या रकमेवरच व्याज लावते. ही दुर्बीण मात्र पुऱ्या ऐंशीवर लावते, आणि ते मानेने फेडायचे. दोन किलोंच्या वर वजन आहे.

न्यायाने सांगायचे तर रुंद झोताचा एक फायदा आहे : डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र सुटत नाही. पण तेवढ्यासाठी दोन किलो?

दहापटीच्या पुढे गेलात की हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. मग तिपाई आली. तिपाई घेतली तरी उन्हाची झळ आहेच. चैत्र-वैशाखात धुळ्याच्या डांबरी रस्त्यावर जे पाणी लवलवताना दिसते, तेच दुर्बिणीत वीसपट लवलवते. त्यात बगळा आणि बाभूळ यांतला फरक कळेनासा होतो. हा दोष भिंगाचा नव्हे, हवेचा. उपाय एकच : सूर्योदयाला पोहोचणे. तो खोक्यावर छापत नाहीत, कारण तो फुकट मिळतो.

काही मोठ्या दुर्बिणींत डोळ्याकडची भिंगे बदलता येतात. ती चपलांसारखी जोडीनेच घ्यावी लागतात, हे बिल येईपर्यंत लक्षात येत नाही. दिवसासाठी पहिली जोडी कमी पटीची आणि ऐसपैस चित्राची असावी. पट वाढली की चित्र अरुंद होते आणि पाखरू चौकटीबाहेर उडते. झाडाच्या शेंड्याकडे बघायचे तर पंचेचाळीस अंशांत वळवलेली बरी, मान शाबूत राहते. चष्मा असेल तर भिंगापासून किमान पंधरा मिलिमीटरवरून पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे, नाहीतर कुलपाच्या भोकातून बघितल्याचे पाप.

खोक्यावर एवढा विश्वास का ठेवू नये, याचा दाखला आपल्याच खानदेशात आहे. रानपिंगळा हे जेमतेम तेवीस सेंटिमीटरचे घुबड. जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र ते कुणाला दिसेना. पुढे कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी एक नमुना दाखवला. चिठ्ठीवर लिहिले होते : १९१४, मांडवी, गुजरात. लोकांनी चिठ्ठी खरी मानली आणि नको त्या रानात शोध घेतला. ती चिठ्ठी खोटी होती. नमुना डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नवे नाव चिकटवलेला! पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. आणि चिठ्ठी बाजूला सारून त्या व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, रानपिंगळा त्यांना दिसला. तोही रात्री नव्हे, लख्ख सकाळी, उघड्या फांदीवर बसलेला. ११३ वर्षे!

तात्पर्य, चिठ्ठी काय किंवा खोके काय, वाचण्यात डोळे खर्ची घालू नयेत. दुकानात भर दुपारी जावे, चष्मा न काढता, दुर्बीण बाहेर रस्त्यावर आणून दूरची पाटी वाचावी, पाच मिनिटे हातात धरून बघावी आणि मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागावे. दिवसा बघणाऱ्याला अडीच-तीन उत्तर आले तरी पुष्कळ. रानपिंगळा आजही संकटग्रस्त आहे. तो आपल्या यावलच्या अभयारण्यातही आहे. आपली काच ऐंशीची की पन्नासची, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आपण त्याच्याकडे बघतो की खोक्याकडे, एवढाच प्रश्न आहे.