हिकीचे न झालेले युद्धपट

टॉमस हिकी या आयरिश चित्रकाराचा मराठी रसिकांस फारसा परिचय नाही. १७४१ साली डब्लिन येथे जन्मलेला हा कलावंत १८२४ साली मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, निवर्तला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले व टिपू मारला गेला, तेव्हा त्या मोहिमेवर सात भव्य चित्रे रंगविण्याचा संकल्प हिकीने केला. तो सिद्धीस गेला नाही. मागे राहिली ती लढवय्या अधिकाऱ्यांची खडूने रेखाटलेली मुखचित्रे आणि टिपूच्या पुत्रांची व दिवाण पूर्णय्यांची व्यक्तिचित्रे.

यास अपयश म्हणावयास आम्ही तयार नाही. जेत्यांसाठी काढलेल्या युद्धचित्रात धूर, निशाणे आणि आधीच ठरलेला वीर असावयाचाच. समोर जिवंत माणूस बसला म्हणजे मात्र चित्रकारास डोळे उघडून पाहावे लागते.

हिकीचे १८१६ चे कर्नल मॅकेंझीचे चित्र याची साक्ष देते. मूळ चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आम्ही प्रतिकृतीच पाहिली आहे. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात असलेला हा इंजिनियर १८१५ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्याचा लाल डगला प्रथम नजरेत भरतो. मग दिसतात भोवतालची तीन देशी माणसे. एकाजवळ ताडपत्राची पोथी, तर किसनाजी नावाच्या शिपायाच्या हाती दुर्बीण. मांडणी काहीशी ताठर आहे. माणसे जवळ उभी असूनही एकमेकांशी बोलतील असे वाटत नाही. परंतु प्रत्येकास स्वतःचा चेहरा आहे, हे थोडे नव्हे.

पोथ्या मिळविणारे, वाचणारे आणि उतरून घेणारे असे सहायक नसते, तर मॅकेंझीचा संग्रह झालाच नसता. त्यातील तमिळ, तेलुगू, कानडी व मराठी लेखनाचा मोठा भाग आजही चेन्नईच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे. संग्रहास नाव मात्र साहेबाचे. टिपणी एकाची आणि सही दुसऱ्याची, हा न्याय आम्हां कारकुनांस कोणी समजावून सांगावयास नको. हिकीने तो न्याय बदलला नाही. डगला मध्यभागीच ठेवला. पण मागच्यांस त्याने पुसूनही टाकले नाही. सात युद्धपटांच्या बदल्यात असे एक चित्र मिळाले असेल, तर आमच्या मते रसिकांचे काही बुडाले नाही.