किरण, लक्ष्य आणि वाण : क्ष-किरणांच्या सूक्ष्मशलाकेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

अमरावती व अकोला जिल्ह्यांत उडदाचा ‘टीएयू-१’ हा वाण परिचित आहे. ट्रॉम्बे-अकोला-उडीद असा त्याच्या नावाचा विस्तार होतो. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तो १९८५ मध्ये प्रसारित झाला. ‘टीएटी-१०’ ही तूर, १९९१ चा ‘टीएजी-२४’ भुईमूग आणि २००५ चे ‘टीएएमएस-३८’ सोयाबीन हीदेखील याच सहकार्याची फळे होत. या वाणांची उत्पत्ती सांगताना वर्गात आणि लोकप्रिय विज्ञानलेखनात बहुधा एकच चित्र रंगविले जाते : किरण बाणासारखा सुटतो, जनुकावर आदळतो आणि नवा वाण जन्मास येतो. हे चित्र सुबोध आहे. परंतु ते कितपत खरे, हे तपासणे आवश्यक ठरते. जिवंत पेशीवर एकेक करून क्ष-किरण सोडण्याचे तंत्र विकसित झाल्यापासून तर ही गरज अधिकच भासते.

लक्ष्य-सिद्धांताचा पाया :

बाणाच्या या प्रतिमेमागे जुना सिद्धांत आहे. १९२७ मध्ये म्यूलर यांनी फळमाशीत आणि १९२८ मध्ये स्टॅडलर यांनी सातूमध्ये क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने घडतात हे दाखवून दिले. पुढे डग्लस ली यांच्या १९४६ मधील ग्रंथात लक्ष्य-सिद्धांत सुस्थिर झाला. पेशीत एक संवेदनशील भाग असतो व ऊर्जा तेथे पडली तरच परिणाम घडतो, असे हा सिद्धांत मानतो. त्याची गणिती मांडणी देखणी आहे, यात शंका नाही. मात्र तिचा आधार अप्रत्यक्ष होता. असंख्य पेशींवर एकाच वेळी किरणांचा सडा घालावयाचा, किती पेशी जगल्या ते मोजावयाचे आणि आलेखाच्या उतारावरून लक्ष्याचा आकार काढावयाचा, अशी ती रीत होती. अंगण किती भिजले यावरून एकेका थेंबाची जागा सांगण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

हा थेंब हव्या त्या जागी टाकता यावा, ही सूक्ष्मशलाकेमागील प्रेरणा होय. झिर्कल आणि ब्लूम यांनी १९५३ मध्ये प्रोटॉनांच्या साहाय्याने पेशीचा निवडक भाग किरणित केला होता. क्ष-किरणांच्या बाबतीत काम अधिक कठीण होते. काचेच्या भिंगाने प्रकाश एकवटतो तसे क्ष-किरण एकवटत नाहीत. कारण पदार्थात त्यांचा अपवर्तनांक एकापेक्षा अगदी किंचित कमी असतो. म्हणून विवर्तनाचा आश्रय घ्यावा लागला. बाहेरच्या कडेकडे अधिकाधिक अरुंद होत जाणारी समकेंद्री वलये कोरलेली ‘झोन प्लेट’ येथे भिंगाचे कार्य करते. लंडनजवळील नॉर्थवूड येथील ग्रे प्रयोगशाळेत कार्बनपासून मिळणारे, २७८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे मृदू क्ष-किरण या मार्गाने एक मायक्रोमीटरहूनही लहान ठिपक्यात आणले गेले. सस्तन प्राण्याच्या पेशीचे केंद्रक सुमारे दहा मायक्रोमीटरचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अचूकतेचे मोल कळते. शिवाय या किरणांमुळे सुटणारा इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटरांतच थांबतो. त्यामुळे ऊर्जा जेथे टाकली जवळपास तेथेच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखून त्यांची स्थाने नोंदविणारा संगणक, मंच सरकविणारी यंत्रणा आणि ठरावीक मात्रा होताच बंद होणारे शटर यांची जोड मिळाल्यावरच ‘या पेशीला द्या, त्या पेशीला नको’ असे म्हणणे शक्य झाले.

सिद्धांताला पडलेले छेद :

हाती आलेले निष्कर्ष लक्ष्य-सिद्धांताला अडचणीचे ठरले. १९९२ मध्ये नागासावा व लिटल यांनी अल्फा कणांच्या अत्यल्प मात्रेचा प्रयोग केला तेव्हा एक टक्क्याहून कमी केंद्रकांतून कण गेले होते. गुणसूत्रांतील बदल मात्र सुमारे तीस टक्के पेशींत आढळले. १९९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील गटाने अल्फा कणांच्या सूक्ष्मशलाकेने केवळ पेशीद्रव्य किरणित केले, तरीही उत्परिवर्तने झाली. ग्रे प्रयोगशाळेच्या २००३ मधील कार्यात बशीतील एकाच पेशीवर क्ष-किरण टाकूनही, किरण न लागलेल्या इतर काही पेशी मृत झाल्याचे दिसले. यास ‘बायस्टँडर’ परिणाम म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘बघ्या’ हा शब्द सुचतो, पण तो फसवा आहे. ही पेशी नुसती बघत नाही, ती शेजारणीच्या रासायनिक संदेशांना प्रतिसाद देते. ‘शेजारपेशी-परिणाम’ हा शब्द अधिक योग्य ठरावा.

तथापि हे निष्कर्ष प्रामुख्याने बशीत वाढविलेल्या सस्तन पेशींचे आहेत. बियाण्यास काही शे ग्रे इतकी मात्रा दिली जाते व तीही सरसकट. तेथे जवळपास प्रत्येक पेशीला किरण लागलेलाच असतो. त्यामुळे शेजारपेशी-परिणामाने उडदाचा वाण घडविला, असे म्हणणे बाणाच्या कथेइतकेच उथळ होईल.

वाणांची वंशावळ :

बाणाच्या कथेचा मोठा दोष निराळाच आहे. ती पैदासकाराचे श्रम पुसून टाकते. ट्रॉम्बे भुईमुगांच्या परंपरेचा आरंभ ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या वाणावर क्ष-किरण टाकून झाला व त्यातून १९७३ मध्ये ‘टीजी-१’ प्रसारित झाला, हे खरे. परंतु ‘टीएजी-२४’ हा किरणाच्या एका आघाताचा परिणाम नव्हे. ‘टीजीएस-२’ आणि ‘टीजीई-१’ यांच्या संकराची ती निवड आहे. ‘टीएयू-१’ देखील ‘टी-९’ हा प्रचलित वाण आणि ‘यूएम-१९६’ हे उत्परिवर्तित वाण यांच्या संकरातून आला. अप्रभावी उत्परिवर्तन पहिल्या पिढीत बहुधा दिसतच नाही. दुसऱ्या पिढीतील असंख्य रोपांतून ते हेरावे लागते आणि पुढील पिढ्यांत स्थिर करावे लागते. किरण केवळ विविधता वाढवितो. तिच्यातून पीक निवडतो तो माणूस. ही बाब अभ्यासक्रमात एका वाक्यात उरकली जाते, हे खेदजनक आहे.

याच्या उलट, सूक्ष्मशलाकेने हवे ते जनुक गाठून पीक सुधारता येईल, अशीही अपेक्षा व्यक्त होते. तीही निराधार आहे. ठिपका पाव मायक्रोमीटरचा मानला तरी डीएनएच्या धाग्याची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. शलाका पेशी निवडू शकते, जनुक नव्हे. शिवाय २७८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण सजीव द्रव्यात काही मायक्रोमीटरांतच क्षीण होतात. उडदाच्या दाण्याचे टरफलही ते ओलांडू शकत नाहीत.